मुंबई–सिंगापूर–न्यूझीलंड: सिंगापूर एअरलाइन्सची इकॉनॉमी आणि ऑकलंडला उतरल्यानंतरचे दोन तास

भारतातून न्यूझीलंडला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईकराला वाटेत एक थांबा घ्यावाच लागतो. दुबई किंवा दोहावरून गेलं तर आधी तीनेक तास उलट्या दिशेला जायचं आणि मग सोळा तासांच्या आसपासचं एकच सलग उड्डाण अंगावर घ्यायचं. ऑस्ट्रेलियावरून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. सिंगापूरवरून मात्र वाट सरळ पडते. विमानतळाच्या आतच राहिलात तर व्हिसा लागत नाही, आणि प्रवासाचे साधारण साडेपाच आणि दहा तासांचे दोन तुकडे होतात. गुडघे धरणाऱ्या आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर हे दोन तुकडे फार मोलाचे आहेत. तिकीट सगळ्यांत स्वस्त नसतं. तरीही या मार्गावर सिंगापूर एअरलाइन्सची इकॉनॉमी आम्ही पहिल्या पसंतीची मानतो. अट एवढीच, की वेळा, सीट आणि बॅग या तिन्हींचा विचार घरीच झालेला असावा.

आधी वेळांचं बघू. मुंबईहून रात्री साडेअकराच्या सुमारास निघणारं विमान सिंगापूरला तिथल्या सकाळी साडेसातच्या आसपास पोचतं. सिंगापूरहून संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास निघणारं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आसपास न्यूझीलंडला उतरतं. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, पण ही जोडी धरली तर मध्ये जवळजवळ बारा तास मिळतात. तिकिटाच्या साइटवर दोन-तीन तासांच्या थांब्याची जोडीही दिसते आणि बहुतेक जण तीच घेतात. त्यात एक गोम आहे. सकाळी सिंगापूरहून निघालेलं विमान न्यूझीलंडला रात्री दहा-अकराला पोचतं. तेव्हा भारतातली दुपार चालू असते आणि हॉटेलात पोचल्यावर झोप येत नाही. वर आदली रात्र मुंबईच्या विमानात जेमतेम तीन-साडेतीन तासांच्या झोपेवर गेलेली. सकाळी उतरणारं विमान घ्या, मधला दिवस चांगीत, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, काढा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. दोन वेगळी तिकिटं जोडली तर सामान थेट पुढे जाईलच असं नाही. ते घ्यायला सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागलं, तर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या टॅगवर शेवटचा विमानतळ ऑकलंडचा, म्हणजे एकेएल, छापलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

दोन्ही टप्प्यांवर बहुतेक वेळा एअरबस ए३५० मिळतं. त्याच्या दोन प्रकारांतला फरक माहीत असावा. लांब पल्ल्याच्या विमानात २५३ सीट असतात आणि त्यात प्रीमियम इकॉनॉमी असते. मध्यम पल्ल्याच्या विमानात ३०३ सीट असतात आणि प्रीमियम इकॉनॉमी नसते. इकॉनॉमीची मांडणी दोन्हींत तीन-तीन-तीन अशीच. ए३५० चा खरा फायदा सीटपेक्षा हवेत आहे. विमानाचा सांगाडा बराचसा कार्बन फायबरचा असल्याने आतला दाब ६,००० फूट उंचीइतका ठेवता येतो. जुन्या धातूच्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. हवाही त्या मानाने कमी कोरडी असते. दहा तासांनी उतरताना डोकं जड नसणं आणि घसा सुकलेला नसणं, हा फरक त्यातून येतो. काही हंगामात मुंबई किंवा ऑकलंडच्या टप्प्यावर ए३८० हे दुमजली विमान लावतात. तिकीट घेताना विमानाचा प्रकार दिसतो. ए३८० मध्ये आता इकॉनॉमी सगळी खालच्या मजल्यावर असते, तीन-चार-तीन अशा मांडणीची.

सीट निवडताना आपल्याकडे सगळ्यांची उडी पहिल्या रांगेवर असते, भिंतीसमोरच्या. पाय मोकळे राहतात हे खरं. पण तिथला ट्रे हाताच्या दांड्यात घडी करून ठेवलेला असतो, म्हणून दांडा वर होत नाही आणि सीट थोडी अरुंद लागते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पर्स किंवा औषधांची पिशवी ठेवता येत नाही. शिवाय बाळांचे पाळणे त्याच भिंतीला लावतात. संकटकाळच्या दरवाज्याजवळ जागा मोठी असते, पण पायांना गार लागतं. शेवटच्या दोन-तीन रांगांना स्वयंपाकघराचा उजेड, भांड्यांचा आवाज आणि स्वच्छतागृहाची रांग यांचा त्रास होतो. तिघांचं कुटुंब असेल तर खिडकीकडची पूर्ण रांग घ्या. चौघं असाल तर चौघांनी एका ओळीत बसण्याचा हट्ट सोडून दोघं पुढे, दोघं बरोबर मागे, असं बसा. त्याने सीट मागे झुकवण्यावरून अनोळखी माणसाशी वाद होत नाही. सगळ्यांत स्वस्त भाड्यात सीट आधी निवडायला वेगळे पैसे पडतात. ते द्यायचे नसतील तर निघायच्या ४८ तास आधी ऑनलाइन चेक-इन उघडतं, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच बसा.

हातातल्या बॅगेला इकॉनॉमीत ७ किलोची मर्यादा आहे. चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते, हे विसरून लोक काउंटरवर बॅग उघडून बसतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, पण १ एप्रिल २०२५ पासून या कंपनीच्या विमानात तिच्यावर फोन चार्ज करता येत नाही आणि सीटच्या यूएसबीवर पॉवर बँकही चार्ज करता येत नाही. फोनची केबल थेट सीटच्या सॉकेटला लावायची, म्हणून केबल खिशात ठेवा, वरच्या कप्प्यात नको. वाय-फाय मात्र फुकट आहे. क्रिसफ्लायर या सदस्य योजनेचं खातं, तेही मोफतच, आधी उघडून तिकिटाला जोडून ठेवायचं.

जेवणाबद्दल मराठी माणूस सगळ्यांत आधी विचारतो, म्हणून थोडं सविस्तर. शाकाहारी भारतीय, जैन, हिंदू मांसाहारी असे प्रकार आहेत आणि ते निघायच्या निदान २४ तास आधी नोंदवावे लागतात. नोंदणी प्रत्येक टप्प्याला वेगळी दिसते. मुंबई–सिंगापूरला शाकाहारी आणि पुढच्या टप्प्यावर रकाना रिकामा, असं हमखास होतं, तेव्हा दोन्ही तपासा. विमान किंवा तारीख बदलली तर पुन्हा तपासा. विशेष जेवण इतरांच्या आधी येतं, हा चांगला भाग. उणा भाग असा, की भारतीय शाकाहारी जेवण चवीला बरं असलं तरी पनीर, भात आणि दाट रस्सा असं जड असतं. दोन टप्प्यांवर लागोपाठ तेच खाल्लं तर ॲसिडिटी होते. कारण साधं आहे: वर हवेचा दाब कमी असल्याने पोटातला वायू फुगतो आणि बसून राहिल्याने पचन मंदावतं. दुसऱ्या टप्प्याला फळांचं ताट नोंदवा, सोबत घरचे दशम्या-धपाटे किंवा गुळपोळी ठेवा. मधुमेह असणाऱ्यांनी फळांऐवजी शाकाहारी जेवण घेऊन भात अर्धा ठेवावा. मुंबईचं विमान रात्रीचं, म्हणून घरून जेवूनच निघा आणि बसताक्षणी कर्मचाऱ्यांना सांगा, की जेवणासाठी उठवू नका. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधला, तर तो तपासायलाही कोणी उठवत नाही.

झोपेचा हिशेब लिहूनच ठेवावा. न्यूझीलंड भारताच्या पुढे साडेसहा तास असतं आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत, साडेसात तास. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना साडेसात धरायचे. सिंगापूरहून पावणेआठला विमान सुटतं तेव्हा ऑकलंडला मध्यरात्रीचे पाऊण वाजलेले असतात. म्हणून जेवणानंतर सिनेमा नको. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे आणि झोप. सहा तास लागले तरी पुरे. उतरण्याच्या दोन-अडीच तास आधी दिवे लागतात आणि नाश्ता येतो, तेव्हा उठून एक चक्कर मारा. पायांवर सूज येणाऱ्यांनी घट्ट बुटांऐवजी नाडी सैल करता येणारे बूट आणि डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घालावेत. चपला काढून अनवाणी स्वच्छतागृहात जाण्याची आपल्याकडची सवय विमानात सोडावी, जमीन ओली असते.

चांगीचा थांबा हा या प्रवासातला उत्तम भाग. टर्मिनल १, २ आणि ३ आतल्या आत स्काय ट्रेनने जोडलेली आहेत. तिसऱ्यात फुलपाखरांची बाग, दुसऱ्यात सूर्यफुलांची बाग, जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ, पाय लांब करून पडता येईल अशा खुर्च्या. पैसे देऊन अंघोळ करता येते आणि ट्रान्झिट हॉटेलात काही तासांपुरती खोली मिळते. बारा तासांच्या थांब्यात सकाळीच चार-पाच तास पाठ टेकणं ही चैन नाही, ज्येष्ठांसाठी गरज आहे. खोली आधी आरक्षित करा, ऐन वेळी मिळत नाही. दुपारी मात्र झोपू नका, नाहीतर रात्रीची विमानातली झोप जाते.

चांगीला जोडलेल्या ज्वेल या इमारतीतला तो चाळीस मीटरचा धबधबा सगळ्यांना बघायचा असतो. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणजे तिथे जाणं म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेश करणं. वैध न्यूझीलंड व्हिसा हातात असलेल्या भारतीयांना ९६ तासांपर्यंतची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे. तिच्या अटी पूर्ण होत असतील तर सिंगापूरचं आगमन कार्ड ऑनलाइन भरून बाहेर पडता येतं. प्रवेश द्यायचा की नाही हे शेवटी अधिकाऱ्याच्या हातात असतं, म्हणून पुढचा बोर्डिंग पास आणि व्हिसाची छापील प्रत जवळ ठेवा.

परत आत आल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवायची. या तीन टर्मिनलांत सुरक्षा तपासणी एकदाच, मोठ्या दालनात होत नाही, ती प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. बाटलीतलं पाणी तिथे ओतून द्यावं लागतं. तपासणीनंतरच्या काचेच्या खोलीत बऱ्याच गेटांवर स्वच्छतागृह नसतं आणि बाहेर गेलं तर पुन्हा तपासणी. म्हणून आधी स्वच्छतागृह, मग गेट. निघायच्या तासभर आधी गेटापाशी असा.

आता उतरण्याची तयारी, कारण कंपनीने पंधरा-सोळा तासांत दिलेला आराम इथे अर्ध्या तासात जाऊ शकतो. न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन हा फॉर्म प्रत्येकाला, तान्ह्या बाळालाही, भरावा लागतो. तो मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. आधी अर्धवट भरून ठेवता येतो, पण सादर करता येतो तो प्रवासाला निघण्याच्या आधीच्या २४ तासांत. मुंबईत घरीच, निवांत बसून भरा. विमानात पेंगत भरला तर नेमका खाद्यपदार्थांच्या प्रश्नावर ‘नाही’ टिकलं जातं, आणि न्यूझीलंडमध्ये ही एक टिक महागात पडते. जाहीर न केलेली जोखमीची वस्तू सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं तरीही. जाहीर केलं तर दंड नाही. फार तर वस्तू काढून घेतात.

हे नियम इतके कडक का, ते समजलं की राग येत नाही. तो देश दूध, मांस आणि फळांच्या निर्यातीवर उभा आहे, आणि तिथे लाळ्या-खुरकूत रोग कधीच आलेला नाही. आपल्याकडे तो आहे. जानेवारी २०२५ मध्ये ऑकलंडच्या पापाटोएटोए भागात एका सापळ्यात ओरिएंटल फ्रूट फ्लायचा एक नर सापडला. एकच. तेवढ्यावरून त्या भागातून फळं-भाज्या बाहेर नेण्यावर निर्बंध घातले गेले. ही माशी म्हणजे आपल्या हापूसवर पडणारी फळमाशीच.

म्हणून मराठी घरातून निघणारी बॅग अशी भरा. मध, ताजी फळं, कढीपत्ता, विड्याची पानं, दुधाची मिठाई, तुपाचा डबा घरीच ठेवा. मोहरी, मेथी, धणे, ओवा असे अख्खे दाणे नकोत, कारण ते रुजू शकतात. पूजेच्या सामानातलं नारळ, सुपारी, अक्षता, फुलं, रुद्राक्षाची माळ, गोवऱ्या हेही तपासणीत येतं. न्यायचंच असेल तर कारखान्यात पॅक केलेलं, भाजलेलं किंवा तळलेलं न्या: बाकरवडी, शेव, चकली, कुटलेला मसाला. घरच्या डब्यातल्या पदार्थाला नाव नसतं, त्यात काय आहे हे अधिकाऱ्याला कळत नाही आणि तिथेच वेळ जातो. सगळं खाणं एकाच पारदर्शक पिशवीत, बॅगेच्या सर्वांत वर, पिशवीवर इंग्रजीत घटकांची चिठ्ठी. फॉर्मवर ‘होय’. अधिकारी पिशवी बघतो, दोन प्रश्न विचारतो आणि सोडतो. खाणं आठवलं नि फॉर्म भरून झालेला असेल, तर तपासणीपूर्वी ठेवलेल्या पेट्यांत टाकून द्या किंवा अधिकाऱ्याला आपणहून सांगा. खरं तर फारसं काही न्यायची गरजच नाही. ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात भारतीय किराणा दुकानं आणि खानावळी रांगेने आहेत, पोहे-रवा-तूरडाळ-लोणचं सगळं मिळतं. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरतीच.

बुटांचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण तिथे चालायला जाणारे बरेच जण सह्याद्रीत वापरलेलेच बूट नेतात. तळव्याच्या खाचांत पावसाळ्यातली लाल माती वाळून विटेसारखी बसलेली असते. नुसतं पाणी मारून ती निघत नाही. निघायच्या चार दिवस आधी बूट तासभर कोमट पाण्यात तळव्यापर्यंत बुडवा, जुन्या टूथब्रशने खाचा घासा, उरलेली माती विणायच्या सुईने काढा, नाडीच्या भोकांजवळचं कुसळ आणि गवताचं बी चिमट्याने उपटा, साबणाने धुऊन तीन दिवस सावलीत वाळवा. नाड्या आणि आतले गादीचे तुकडे वेगळे काढून धुवा. मोज्यांत अडकलेलं कुसळही बघा. बूट बॅगेत वरच ठेवा, बाहेर काढून दाखवायला सांगतात. तंबू आणि चालण्याच्या काठीचं टोक यांनाही हेच लागू. तिथल्या कौरी वृक्षांना मातीतून पसरणाऱ्या रोगाने ग्रासलं आहे, त्यामुळे कौरीच्या जंगलातल्या पायवाटांच्या तोंडाशीही बूट घासण्याची सोय केलेली दिसेल. ती वापरा.

ऑकलंडहून पुढे देशांतर्गत विमान असेल, तर बॅगा ऑकलंडलाच घेऊन तपासणीतून न्याव्या लागतात. देशांतर्गत टर्मिनल वेगळं आहे. जमिनीवर रंगवलेल्या पट्ट्याच्या खुणेने चालत दहाएक मिनिटं, किंवा मोफत बस. दोन विमानांत तीन तासांहून कमी अंतर ठेवू नका. सहल मुख्यतः दक्षिण बेटाची असेल तर ऑकलंडला उतरूच नका. ही कंपनी सिंगापूरहून थेट दक्षिण बेटावरच्या क्राइस्टचर्चलाही जाते. क्राइस्टचर्चला उतरून ऑकलंडहून परतायचं तिकीट काढलं, की एक देशांतर्गत फेरी, एक दिवस आणि बॅगांची एक ओढाताण वाचते. आपल्याकडच्या बऱ्याच सहल योजनांत हा मार्ग सुचवलाच जात नाही, ही मोठी उणीव वाटते.

ऑकलंड शहर विमानतळापासून वीसेक किलोमीटरवर. सामान कमी असेल तर एअरपोर्टलिंकची नारिंगी बस पुहिनुई स्टेशनपर्यंत आणि तिथून ट्रेन. संपर्करहित बँक कार्डावर दोन्ही चालतं. मोठ्या बॅगा आणि ज्येष्ठ सोबत असतील तर स्कायड्राइव्हची थेट बस किंवा टॅक्सी बरी. गाडी भाड्याने घेणाऱ्यांना वाहतूक डावीकडूनच असल्याचा धीर असतो, आणि इंग्रजीतला भारतीय परवाना तिथे चालतो. पण उतरलेल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. तिथे सकाळचे साडेदहा असतात तेव्हा शरीर भारतातल्या पहाटेच्या तीनवर असतं, आणि दुपारी दोननंतर डोळे मिटायला लागतात ते नेमके रोटोरुआ या पर्यटनस्थळाच्या वाटेवर. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त सीट सक्तीची आहे, तीही गाडीसोबतच आरक्षित करा.

हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते. बॅगा तिथे ठेवून द्या, टोपी आणि सनस्क्रीन लावून उजेडात दोन तास चाला, कारण तिथलं ऊन गार वाऱ्यातही चटकन भाजतं. संध्याकाळी सातला जेवा, नऊपर्यंत कसंही करून जागे राहा. आणि हो, तिथल्या सॉकेटला तिरक्या चपट्या पिनांचा प्लग लागतो. आपला गोल पिनांचा बसत नाही. ॲडॉप्टर दादरच्या एखाद्या इलेक्ट्रिकच्या दुकानातूनच घेऊन ठेवा.